डावीकडची झीज

तुमसरहून निघालेला रस्ता सिहोऱ्यावरून बपेऱ्याकडे जातो आणि पुढे मध्य प्रदेशात शिरतो. दोन्ही अंगांना धानाच्या बांध्या, उत्तरेला सातपुड्याच्या टेकड्या, चांदपूरचा तलाव, आणि दोन राज्यांच्या हद्दीवरून वाहणारी बावनथडी. सोंड्याटोल्याच्या उपसा योजनेतून या नदीचं पाणी चांदपूरच्या तलावात चढवतात आणि तिथून ते बांध्यांना मिळतं. पाण्याखेरीज नदी रेतीही देते. बावनथडीची आणि वैनगंगेची रेती बांधकामाला उत्तम मानतात, थेट नागपूरपर्यंत तिला मागणी असते. त्यामुळे या भागातल्या रस्त्यांवर धानाचे ट्रॅक्टर, मँगनीजचे ट्रक, एसटी, मोटारसायकली आणि रेतीचे टिप्पर सगळे एकाच पट्टीवरून धावतात.

या रस्त्याचा स्वभाव जाणून घ्यायचा असेल तर इथल्या कुठल्याही लहान मोटारीच्या पुढच्या डाव्या चाकाजवळ उकिडवं बसावं.

भरलेला टिप्पर समोरून आला की तो मधूनच येतो. खाली उतरला तर वजनानं साइडपट्टीत रुतेल, ही त्याची भीती खोटी नाही. मग लहान गाडी उतरते. डावी दोन चाकं डांबराच्या कडेवरून मुरुमात पडतात आणि टिप्पर गेला की त्याच कडेवर पुन्हा चढतात. पावसाळ्यात मुरूम वाहून जातो आणि ती कड चार बोटं उंच होते, कुठे कुठे त्याहून जास्त. प्रत्येक चढ-उताराला चाकाला एक आडवा धक्का बसतो. तो टायरपाशी थांबत नाही. टाय रॉडला, बॉल जॉइंटला, लोअर आर्मच्या रबरी बुशला तो थोडा थोडा पोचत राहतो. उजव्या चाकांनी मात्र डांबर सोडलेलं नसतं. वर्षं जातात, आणि कोणी कोणाला वाट दिली याची नोंद त्या डाव्या चाकावर साठत जाते. ग्रामपंचायतीच्या दप्तरात किंवा बांधकाम विभागाच्या फाइलीत ती सापडणार नाही. इथे ती रबरावर उमटलेली असते.

माझे मामा सिहोऱ्याचे. शाळेतून निवृत्त झाले, थोडी शेती आहे, आणि मामींना दवाखान्यासाठी वरचेवर भंडाऱ्याला न्यावं लागतं म्हणून एक लहान मोटार घेतलेली आहे. ती ते अतिशय जपून चालवतात. तरी पुढचे टायर वेळेआधी गेले. वरून पाहिलं तर नक्षी शाबूत दिसत होती, पण हँडल पूर्ण वळवून चाक बाहेर काढलं तेव्हा आतली कड गोटा झालेली दिसली. डाव्या चाकाची जास्त, उजव्याची त्याहून कमी.

टायर डोळ्यांनी पाहण्याआधी हातानं पाहावा. तळहात आधी आतून बाहेर फिरवायचा, मग बाहेरून आत. झीज सारखी असेल तर दोन्ही वेळा हाताला एकच स्पर्श लागतो. मामांच्या टायरवरून हात बाहेरच्या दिशेनं सुळकन गेला. आत आणताना मात्र प्रत्येक ठोकळ्याची धार करवतीच्या दात्यासारखी लागली. याचा अर्थ चाकं पुढच्या बाजूनं बाहेर फाकली आहेत. दाते उलट्या दिशेनं लागले असते तर ती आत वळली आहेत असं समजायचं. नुसती एकच कड गेली असेल आणि दाते नसतील तर चाक उभं असताना कलतं आहे. दोन्ही कडा गेल्या आणि मधला भाग उभा राहिला तर हवा कमी होती. मधलाच गेला तर जास्त. आणि ठिकठिकाणी खळगे पडले असतील तर चाक नीट टेकत नव्हतं, उड्या मारत होतं, म्हणजे शॉकर संपले. ही लिपी अवघड नाही. एका दुपारी कोणालाही शिकता येते, आणि शाळेतल्या मुलांनासुद्धा ती शिकवावी असं मला वाटतं, कारण मोटार नसलेल्या घरातही मोटारसायकल आता असतेच.

फाकण्याचं माप किती लहान असतं ते कळलं की माणूस दचकतो. समजा, पुढच्या दोन चाकांच्या पुढच्या कडांमधलं अंतर मागच्या कडांमधल्या अंतरापेक्षा फक्त 3 मिलिमीटरनं जास्त आहे आणि चाकाचा व्यास 56 सेंटीमीटर आहे. प्रत्येक चाकाच्या वाट्याला दीड मिलिमीटर आलं. भूमितीचा सरळ हिशोब केला तर दर किलोमीटरला ते चाक सुमारे पावणेतीन मीटर आडवं घासत जातं. हजार किलोमीटरला पावणेतीन किलोमीटर. रबर लवचीक असल्यामुळे त्यातलं बरंचसं टायर अंगावर झेलतो, उरलेलं त्याच्या अंगातून जातं. एखादी जड पेटी फरशीवरून आडवी ओढताना जो आवाज होतो तसा कुठलाच आवाज इथे येत नाही. गाडीत गाणी चालू असतात, गप्पा चालू असतात, आणि खाली हे घासणं सुरू असतं.

तुमसरला टायरच्या दुकानात मी मामांबरोबर गेलो होतो. मामांना दोन नवे टायर हवे होते. दुकानातला तरुण म्हणाला, "गुरुजी, टायर तर आत्ता लावून देतो जी. पन गाडी तो बी असाच खाऊन टाकन. पयले खालचं पाहू द्या."

"गाडी तर सरळ चालते ना रे बापू," मामा म्हणाले. "कुठंच ओढत नाही."

"सरळ चालते जी. पन स्टेअरिंग पाहा तुमचं. तुमी ते वाकडं धरता, तवा ते सरळ चालते."

खरंच होतं. सरळ रस्त्यावर मामांच्या गाडीचं स्टेअरिंग घड्याळाचा काटा पाच मिनिटं पुढे जावा तसं उजवीकडे झुकलेलं असे, आणि मामांच्या हातांना त्याची इतकी सवय झाली होती की त्यांना तेच सरळ वाटत होतं.

त्या तरुणानं जे समजावून सांगितलं त्यावर मी नंतर पुष्कळ विचार केला. डाव्या बाजूचा एक सांधा ढिला होतो, डावं चाक जागचं हलतं. पण ती तूट एकट्या डाव्या चाकाकडे राहत नाही. चालवणारा गाडी सरळ ठेवण्यासाठी स्टेअरिंग किंचित फिरवतो आणि ती तूट दोन्ही चाकांत निम्मी निम्मी वाटली जाते. दोन्ही चाकं सारखीच बाहेर ओढतात, दोघांची ओढ एकमेकांना छेदते, आणि गाडी नाकासमोर चालते. एका बाजूला ओढणाऱ्या गाडीची माणूस तक्रार करतो, तिला दुरुस्तीला नेतो. सरळ चालणाऱ्या गाडीबद्दल तक्रार करायला जागाच नसते. उजवं चाक आयुष्यात कधी मुरुमात उतरलेलं नसतं, तरी तेही घासत राहतं. डाव्याला मात्र त्याशिवाय स्वतःचं एक दुखणं असतं. वाकलेल्या लोअर आर्ममुळे आलेला कल वाटून घेता येत नाही, तो ज्याचा त्यालाच सोसावा लागतो. म्हणून मामांच्या डाव्या टायरची आतली कड उजव्यापेक्षा जास्त गेली होती.

बंडीला जुंपलेली जोडी कधी कधी अशी असते. एक बैल डावीकडे अंग काढतो, दुसरा उजवीकडे, आणि बंडी मधून सरळ चालते. वर बसलेल्याला काही कळत नाही. कळतं ते जू उतरवल्यावर, खांदा सोलवटलेला दिसतो तेव्हा. पण त्या मुक्या जिवांसाठी निदान वर्षातून एक दिवस राखलेला आहे. पोळ्याच्या आदल्या दिवशी शेतकरी त्यांची खांद शेकतो, हळद-तूप लावून मळतो, आणि मळता मळता बोटांखाली कुठे घट्टा आहे, कुठे कातडी नाजूक झाली आहे हे त्याला समजतं. सणाच्या निमित्तानं झालेली ती तपासणीच असते. लहानपणी मामांना ती करताना मी पाहिलेलं आहे. बैलाच्या मानेवरून त्यांचा हात जसा सावकाश फिरे, तसाच सावकाश त्या दिवशी दुकानात तो त्यांच्या टायरवरून फिरला. शिकवायची गरजच पडली नाही.

चाकं सरळ चालण्याचा प्रश्न मोटारीपेक्षा जुना आहे. गाडी वळताना एक चाक घासू शकतं, कारण वळणावर आतल्या चाकाचं वर्तुळ लहान असतं आणि बाहेरच्याचं मोठं. दोन्ही चाकं सारखीच वळवली तर त्यातलं एक फरफटणारच. म्युनिकच्या गेओर्ग लँकेन्स्पर्गर या बग्ग्या बांधणाऱ्या कारागिरानं 1817 साली यावर तोड काढली: आतलं चाक थोडं जास्त वळावं अशी जोडणी. लंडनमध्ये त्याच्या वतीनं रुडॉल्फ आकरमन यानं 1818 साली तिचं पेटंट घेतलं आणि ती आजवर आकरमनच्याच नावानं ओळखली जाते. मला लँकेन्स्पर्गरचं नाव इथे घ्यावंसं वाटलं. दोन चाकांना सारखं वागवणं म्हणजे न्याय नव्हे, ज्याचं वर्तुळ लहान त्याला जास्त वळू द्यावं लागतं, हे त्यानं लाकडा-लोखंडात उतरवलं. सरळ रस्त्यावर मात्र दोघांनी समांतर राहायचं असतं. वळणावर वेगळं आणि सरळ रस्त्यावर समांतर, एवढ्या दोन गोष्टींवर टायरचं आयुष्य टिकून असतं, आणि त्या टाय रॉडच्या टोकाला असलेल्या एका लहानशा गोल सांध्यात एकवटलेल्या असतात.

तो सांधा तपासायची रीत साधी आहे. गाडी जॅकवर उचलायची, चाक डाव्या-उजव्या बाजूंनी दोन्ही हातांत धरायचं आणि हलवायचं. खडखड जाणवली तर टाय रॉड एंड गेला. मग वर-खाली धरून हलवायचं; तिथे हललं तर बॉल जॉइंट किंवा बेअरिंग. मामांच्या गाडीचा डावा टाय रॉड एंड हलत होता आणि लोअर आर्मचा बुश फाटला होता. आर्मही वाकलेला निघाला.

इथे क्रम महत्त्वाचा आहे, आणि बहुतेक ठिकाणी नेमका तोच चुकतो. अलाइनमेंटचं यंत्र आता तालुक्याच्या गावीही पोचलं आहे. चारही चाकांना पट्ट्या लावतात, कॅमेरे त्या पाहतात, पडद्यावर आकडे येतात. मर्यादेबाहेरचा आकडा लाल, मर्यादेतला हिरवा. पाना फिरवला की लालाचा हिरवा होतो आणि समाधान वाटतं. पण सांधा ढिला असताना घेतलेलं ते माप गाडी उभी असतानाचंच असतं. पहिल्या खड्ड्यात ते हलणार. म्हणून आधी ढिले सांधे बदलायचे, मग चारही टायरांत सांगितलेली हवा भरायची, आणि त्यानंतर यंत्रावर चढवायचं. पुष्कळ लहान गाड्यांत चाकाचा कल पान्यानं बदलताच येत नाही, वाकलेला भागच बदलावा लागतो. बॅलन्सिंग हे वेगळं काम. ठराविक वेगाला स्टेअरिंग थरथरतं तेव्हा रिमला वजनाचे छोटे तुकडे लावतात ते बॅलन्सिंग. त्यानं फाकलेली चाकं जवळ येत नाहीत. आणि मागच्या चाकांकडे पाहायला विसरू नये. गाडीची दिशा आपण पुढून ठरवतो असं वाटतं, पण मागची चाकं तिरकी असतील तर गाडी तिकडेच रेटली जाते आणि पुढच्यांना सगळा प्रवास तो रेटा सावरण्यातच घालवावा लागतो.

टायर आळीपाळीनं पुढचे मागे, मागचे पुढे करण्याची पद्धत चांगली आहे. चारही टायर बरोबरीनं वापरले जातात. पण कड झिजलेली दिसली की लगेच तो टायर मागे टाकणं मला पसंत नाही. साक्षीदाराची बदली केल्यासारखं होतं ते. नव्या जागी नवा टायर येतो, काही महिने सगळं ठीक दिसतं, आणि पुन्हा तीच कड, तोच दाता. टायर बदलण्याआधी, हलवण्याआधी, त्याच्यावर काय लिहिलंय ते वाचून घ्यावं. कुठल्या चाकाचा, कुठल्या बाजूची कड, दाते कुठल्या दिशेचे, एवढं एका कागदावर टिपलं तरी पुरे.

केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे मोटारीच्या टायरच्या खाचांची खोली किमान 1.6 मिलिमीटर असावी लागते. खाचांच्या तळाशी तेवढ्याच उंचीचे छोटे उंचवटे दिलेले असतात. नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली की टायर संपला. बाजूच्या भिंतीवर तो कधी बनला ते सांगणारे चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. एवढी माहिती प्रत्येक टायर स्वतःच्या अंगावर घेऊन फिरतो. पण माप मधल्या खाचेत घेतात, आणि वाकड्या चाकाचा टायर आतल्या कडेला मरतो, तोही वळवून पाहिल्याशिवाय दिसत नाही अशा जागी. 11 डिसेंबर 2022 ला समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी टप्पा खुला झाला, अपघात सुरू झाले, आणि मग परिवहन विभागानं प्रवेशाच्या ठिकाणी टायर तपासायला सुरुवात केली. ते योग्यच होतं. सिहोऱ्यासारख्या गावच्या रस्त्यांवर चाळीसच्या वेगानं चालून गेलेला टायर त्या काँक्रीटवर तिप्पट वेगाला येतो तेव्हा काय होतं, याची कल्पना करवत नाही.

टायर फुटून माणूस गेला की आपल्याकडे एक वाक्य ठरलेलं आहे: देवाची करणी. हे वाक्य एकदा मुंबई उच्च न्यायालयात, कायद्याच्या भाषेत, खरोखर मांडलं गेलं. ऑक्टोबर 2010 मध्ये पुण्याहून मुंबईला निघालेल्या एका मोटारीचा मागचा टायर फुटला, गाडी खड्ड्यात गेली आणि आतला एक जण मृत्युमुखी पडला. न्यायाधिकरणानं 2016 मध्ये त्याच्या कुटुंबाला सव्वा कोटी रुपयांची भरपाई दिली. विमा कंपनी अपिलात गेली आणि म्हणाली, टायर फुटणं ही ईश्वरी कृती आहे, इथे कोणाचा दोष नाही. फेब्रुवारी 2023 मध्ये न्या. एस. जी. डिगे यांनी ते अपील फेटाळलं. ज्याला कुठलाही माणूस जबाबदार नसतो अशी निसर्गाची अनपेक्षित आपत्ती म्हणजे ईश्वरी कृती. टायर फुटणं त्यात बसत नाही. वेग, कमी किंवा जास्त हवा, जुने टायर, तापमान अशी त्याची कारणं असतात आणि निघण्याआधी टायर पाहणं हे मालकाचं, चालकाचं काम आहे. या निकालाबद्दल मला मनापासून आदर वाटतो. देवाचं नाव घेतलं की शोध थांबतो. न्यायालयानं तो थांबू दिला नाही.

पण शोध चालू ठेवायचा म्हटलं तर तो चालकापाशीही थांबू नये. मामांच्या टायरपासून मागे मागे जायचं झालं तर वाट अशी दिसते. टायर खाल्ला तो फाकलेल्या आणि कललेल्या चाकानं. चाक हललं सांध्यामुळे. सांधा गेला डांबराच्या कडेवर आपटून. कड उंच झाली ती मुरूम वाहून गेला आणि कोणी पुन्हा भरला नाही म्हणून. गाडीला खाली उतरावं लागलं ते टिप्परमुळे, आणि डांबर तुटलं तेही ओव्हरलोड टिप्परमुळेच. अमेरिकेत इलिनॉय राज्यात 1958 ते 1960 या काळात मुद्दाम रस्ते बांधून त्यांवर ट्रक फिरवून पाहिले होते. त्या प्रयोगातून पुढे आलेला नियम सांगतो की आखावरचं वजन दुप्पट झालं तर रस्त्याची हानी दुप्पट न होता साधारण सोळापट होते. म्हणजे मामांची गाडी जन्मभर त्या रस्त्यावरून गेली तरी रस्त्याला कळणार नाही. भरमसाट रेती भरलेल्या टिप्परची एक फेरी त्याला कळते. आणि त्या टिप्परमधली रेती जाते नागपूरला, जिथे मी राहतो, जिथे रोज नवा मजला चढतो. दोरी इथपर्यंत येते. टिप्परचा चालकही फेऱ्यांवर पोट भरणारा माणूस आहे. फेरीत किती रेती भरायची हे तो ठरवत नाही.

मामांच्या गाडीचा आर्म, बुश आणि टाय रॉड एंड बदलून झाले, हवा भरली, यंत्रावर आकडे हिरवे आले, आणि मग त्या तरुणानं दोन नवे टायर विकले. तो धंदा त्याला तासभर आधीच करता आला असता. आता स्टेअरिंग मध्यावर उभं राहतं. सुरुवातीला मामांना तेच वाकडं वाटत होतं, हात सवयीनं उजवीकडे जात होते.

सिहोऱ्याच्या रस्त्याचं डांबरीकरण पुन्हा होईलच, निविदा निघतील, फलकही लागेल. त्या अंदाजपत्रकात साइडपट्टीचा मुरूम नुसता लिहिलेला नसावा. तो डांबराच्या बरोबरीनं भरून दाबलेला असावा, आणि प्रत्येक पावसाळ्यानंतर पुन्हा भरण्याचे पैसे वेगळे काढलेले असावेत. रेतीच्या गाड्यांचं वजन घाटावरच, रस्त्याला लागण्याआधी, मोजलं जावं. वर्षातून एक दिवस, पोळ्याच्या आधीचा धरला तरी चालेल, गावातल्या सगळ्या मोटारी, ट्रॅक्टर आणि मोटारसायकलींचे टायर चौकात तपासले जावेत. तुमसरचा तो तरुण यायला तयार आहे, मी विचारलं आहे. जॅक आणि उजेड एवढंच त्याला लागेल, आणि टिपून घ्यायला कोणीतरी. टिपायचं काम मामा करणार आहेत.